मागे पडणारी गाडी

वळण आलं की घड्याळजी ब्रेक दाबत, आणि गाडी दरीत पडल्यावर मग ब्रेक लागे.

दरी खोटी, गाडीही खोटी. दोन्ही संगणकाच्या पडद्यावरची. पण ब्रेक दाबणारा घड्याळजींचा अंगठा खरा होता. हातातला कंट्रोलर ते मांडीवर ठेवत, उजवा अंगठा डाव्या हाताने चोळत आणि म्हणत, "दमला."

गाडीबद्दल नव्हे. अंगठ्याबद्दल.

पडद्यापलीकडून, दुसऱ्या गावातल्या आपल्या घरातून, लेकीचा आवाज येई. "काही नाही हो बाबा, ते वळणच मेलं वाईट आहे. मीपण तिथं पडते."

"तू कुठं पडतेस? तू तर पुढे जाऊन थांबली आहेस."

"थांबले नाही, घसरले."

खोटं बोलणं लेकीने आईकडून घेतलं होतं. दोघींनाही ते जमत नसे.

लेकीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं नाव, आता लग्न होऊन, नोकरी लागून, कानशिलावर एक पांढरा केस येऊनही तेच चिकटलेलं. संगणकही मूळचा तिचाच. शिकत असताना खेळांसाठी म्हणून तिने सुटे भाग आणून तो खास जुळवला होता, आणि सासरी जाताना "बाबांना उपयोगी पडेल" म्हणून मागे ठेवला होता. बरीच वर्षं त्याचा उपयोग एवढाच झाला की त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवता येत.

मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दाढी करता करता घड्याळजींच्या हातातलं रेझर गळून पडलं. उचलायला गेले, तर हात उचलेना. दवाखान्यात धावपळ झाली, डोक्याचे फोटो निघाले, आणि डॉक्टर म्हणाले की थोडक्यात निभावलं. बोलणं शाबूत, चालणं शाबूत, चेहरा होता तसाच रुसका. फक्त उजवा हात झोपलेल्या लेकरासारखा झाला. न्यावा तिकडे येई, पण आपणहून काही करत नसे.

इतर माणसांना हात दोन असतात. घड्याळजीला एकच असतो. दुसरा त्याचा चाकर. घराखालच्याच गाळ्यात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. जन्मभर त्यांनी तिथं बसून लोकांच्या थांबलेल्या घड्याळांना पुन्हा श्वास दिला होता. ज्यांच्याकडे ते हे काम शिकले, त्या वस्तादांची एक शिस्त होती. हातावर शंका आली की पेटी मिटायची. शंकेच्या हाताने दुसऱ्याचं घड्याळ उघडायचं नाही; स्वतःचंही उघडून बघायचं नाही. घड्याळजींनी दवाखान्यातून आल्यावर पेटी मिटली, दुकानाची किल्ली खिळ्याला अडकवली आणि खिडकीशी बसले.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला दिला. घड्याळजींनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "याने शेवटी होतं काय? चेंडू बरा होतो का?"

तेव्हा भिंगरी आली, संगणक पुसला, शिवणाच्या मशीनशेजारी मांडला, त्यात डोंगरातल्या गाड्यांचा खेळ घातला आणि कंट्रोलर वडिलांच्या हातात ठेवला. "डाव्या अंगठ्याने वळायचं, उजव्याने पळायचं नि थांबायचं. तुम्ही इथून, मी तिकडून. रोज संध्याकाळी. बघू कोण दरीत जातंय."

"या वयात आता मी खेळ खेळू?"

"नाही, चेंडू दाबा मग."

घड्याळजी खेळायला बसले. सुरुवातीला गाडी रस्ता सोडून गुरांच्या मागे जाई, कुंपणं मोडी, एकदा तर एका चित्रातल्या माणसाच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि घड्याळजी खरोखरच त्याला "माफ करा हं" म्हणाले. पण हात हळूहळू परतू लागला. रुसून गेलेला माणूस परततो तसा परतला: आधी दारापर्यंत, मग ओसरीवर, मग एके दिवशी जेवायला पानावर. लेकीच्या गाडीचे मागचे दिवे त्यांना दिसू लागले. मग ते दिवे जवळ येऊ लागले. घड्याळजींनी मनाशी पण केला, कुणाला न सांगता, म्हणजे फक्त बायकोला सांगून: ज्या दिवशी भिंगरीला खरोखर हरवीन, त्या दिवशी हातावरची शंका फिटली. त्या दिवशी किल्ली खिळ्यावरून काढीन.

आणि अगदी तोंडाशी आलेला तो दिवस मागे फिरला.

आधी कळलंच नाही. खेळ सुरू झाला की पहिला थोडा वेळ सगळं ठीक चाले. मग दाबलेला ब्रेक उशिरा लागे, पळवलेली गाडी उशिरा पळे. जसजसा वेळ जाई तसतसं वाढत जाई. थोडं थांबून पुन्हा सुरू केलं की पुन्हा बरं, आणि पुन्हा ढेपाळणं. दमणारा हात दुसरं काय करतो? घड्याळजींनी मनात ताडून बघितलं, सगळं जुळलं. डॉक्टरांनीही जाता जाता सांगितलं होतंच, हालचाली मंदावताहेत असं वाटलं तर कळवा. घड्याळजींनी कळवलं नाही. कळवलं की ते खरं होतं.

बायकोला दिसत होतं. ती मशीनवर बसल्या जागेवरून नवऱ्याचा अंगठा बघे, आणि नजर वळवून दोऱ्याकडे बघे. घरात ती शिवणकाम करी. गल्लीतल्या निम्म्या अंगांची मापं तिला पाठ होती. काळजी वाटली की तिच्या तोंडून शब्द निघत नसत, कापड निघे. पाय मशीन चालवीत आणि ओठ आपलेच गुणगुणत:

सुई गं पुढे जाई, दोरा तिच्या गं मागुती,
सुई गं थबकली, दोरा थांबे तिच्यासाठी.

पलीकडे भिंगरीलाही दिसत होतं. वडिलांची गाडी मागे पडते आहे, आज कालच्यापेक्षा जास्त. ती नवऱ्यापाशी रडली, आणि संध्याकाळी खेळताना आपली गाडी हळू हाकू लागली. एकदा तर शेवटच्या उतारावर ती चक्क थांबली आणि वडिलांना पुढे जाऊ दिलं.

"जिंकलात बाबा!" ती ओरडली.

कंट्रोलर घड्याळजींनी मशीनच्या फळीवर ठेवला, दोऱ्यांच्या रिळांत. जन्मात त्यांनी खोटी वेळ दाखवणारी घड्याळं खूप बघितली होती. पोरीने आपल्याला जिंकवलं, म्हणजे पोरीलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या चष्म्याच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "चष्मेवाले, तुम्हाला जागा कमी पडते ना? माझा गाळा घ्या."

* * *

आईने फोनवर एवढंच सांगितलं: "तुझे बाबा दुकान देताहेत. शनिवारी संध्याकाळी चष्मेवाले किल्ली न्यायला येणार. मी काही बोलत नाही बाई, मला काय कळतं." भिंगरीने कामावर रजा टाकली आणि शनिवारी दुपारी ती दारात उभी राहिली.

"ही कशी काय उगवली?" घड्याळजी म्हणाले.

"आईची आठवण आली."

"आणि बाप?"

"बाप रोज दरीत भेटतो की."

हसले ते, पण ओठांपुरतं. भिंगरी त्यांच्या बाजूला बसली, दुकानाचा विषय काढायला म्हणून घसा साफ केला, आणि ते उठून खिडकीशी गेले. ती तिकडे गेली, तर ते न्हाणीघरात गेले. बापलेकीचं हे असंच होतं. समोरासमोर बसलं की दोघांच्या जिभेला कुलूप. जे काही बोलणं व्हायचं ते दोन गाड्या शेजारी शेजारी पळताना व्हायचं. न्हाणीघराचं दार उघडेना, आई चहा टाकायला गेली, तेव्हा हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून भिंगरीने न बघताच टेबलाखाली हात घालून संगणक चालू केला आणि खेळ लावला.

हा डोंगर तिला तळहातासारखा माहीत होता. पहिला चढ मजेत गेला. दुसरा गेला. मग ते वळण आलं. तिने ब्रेक दाबला, नेहमीच्या जागी, नेहमीच्या क्षणी.

गाडी सरळ गेली. झाडावर आपटली, उलटली आणि दरीत पडली. मग ब्रेकचा आवाज आला.

भिंगरी पडद्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी चढावरच गाडी अडखळू लागली. जणू कुणी मागून पदर धरून ओढतंय. वळण आलं. दाबला. दरी.

"बाबा!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की आईच्या हातातली चहाची गाळणी खाली पडली. "बाबा, बाहेर या! लवकर!"

घड्याळजी टॉवेल खांद्यावर टाकून धावत आले. "काय झालं? कोण पडलं?"

"मी पडले! इथंच पडले! दोनदा! मी ब्रेक दाबतेय आणि तो नंतर लागतोय. तुम्हाला असंच होतं ना? सांगा ना, असंच होतं?"

घड्याळजींनी पडद्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. "मुद्दाम पडलीस."

"नाही हो!"

"परवा मुद्दाम थांबली होतीस, आज मुद्दाम पडतेस. अगं, मी आजारी आहे, खुळा नाही."

भिंगरीचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेली होती, आणि नेमकी खरं बोलायच्या वेळी. "परवा थांबले होते," ती म्हणाली, "पण आज नाही. आईशप्पथ."

"माझी शपथ कशाला घालतेस?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "स्वतःची घाल."

"थांबा." भिंगरीने खेळाच्या आत शिरून कुठली कुठली पानं उघडली आणि एका जागी खूण केली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा पिवळा आकडा उगवला. "हे बघा. हलणारं चित्र म्हणजे काय, तर भराभर काढलेली साधी चित्रं. हा संगणक एका सेकंदात किती चित्रं काढतोय, ते हा आकडा सांगतो. एवढा वेळ खेळ थांबलाय, आता साठ आहेत. आपण बसायचं नि बघायचं. मी कंट्रोलरला हातही लावत नाही, गाडीचं जे व्हायचं ते होऊ दे."

तिघं बसली. चहा निवू लागला. गाडी एका गवताळ कडेला उभी होती, तिच्यावरून ढगांच्या सावल्या जात होत्या. आकडा साठवर होता. मग अठ्ठावन्न झाला, मग पुन्हा साठ. आई म्हणाली, "काही होत नाही." आणि तेवढ्यात आकडा घसरला. पन्नास. चाळीस. ढगांच्या सावल्या उड्या मारत पुढे जाऊ लागल्या. वीस. मग वीसच्याही खाली.

"ठोके गळताहेत," घड्याळजी हळूच म्हणाले.

"गळताहेतच! आणि कुणाचाही हात न लागता गळताहेत!"

घड्याळजींनी श्वास सोडला. पण अर्धाच. उरलेला अर्धा त्यांनी आत ठेवला, कारण आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांना हेच सांगितलं होतं की घड्याळात एक बिघाड सापडला म्हणजे दुसरा नसतोच असं नाही. "यंत्र मंद झालं असेल," ते म्हणाले. "हातही झाला असेल. दोघं बरोबरच म्हातारे झालो."

"आधी यंत्राचं बघू," भिंगरी म्हणाली.

तिने खेळातल्या सावल्या बंद केल्या. झाडांची पानं कमी केली, लांबचं धुकं काढलं, पाण्यावरची चमक पुसली. डोंगर हजामत केल्यासारखा बोडका झाला. आकडा थोडा वर आला, जरा रेंगाळला आणि पुन्हा घरंगळला.

"आधीचंच बरं होतं," आई म्हणाली. "निदान झाडं तरी होती."

भिंगरीने मागे गुपचूप चालणारे नको ते कार्यक्रम शोधून बंद केले. काही फरक नाही. वैतागून तिने टेबलाखाली पाय पसरले, आणि तिची पोटरी कशाला तरी लागली. तिने पाय चटकन मागे घेतला. मग वाकली, हात लावून बघितला.

"अगं बाई, याला ताप आहे!"

टेबलाखाली, शिवणाच्या मशीनला खेटून, संगणकाचा खोका उभा होता. खोका म्हणायचं ते सवयीने. दिसत होता तो अंगरखा. जाड निळ्या कापडाचा, आतून कापूस भरून बारीक टाके घातलेला. वायरींसाठी दोन छोट्या बाह्या, त्यांच्या मनगटाला लवचीक पट्टी. चालू करायच्या बटणासाठी काज, चारही बाजूंनी धाग्याने बांधलेलं. आणि माप असं की कुठे चुणी नाही, झोळ नाही. एखाद्या नवऱ्या मुलाच्या अंगावरही इतका बसला नसता.

"हे काय आहे?" भिंगरीने विचारलं.

"अंगरखा," आई म्हणाली. तिचा आवाज आधीच लहान झाला होता. "तो सारखा घूं घूं करायचा गं. ह्यांना दुखण्यानंतर आवाज सोसेना. दुपारीही चालूच ठेवायचे, मग डोळा लागायचा नाही. म्हणून मग मी जाड शिवला. आणि बिचाऱ्याच्या अंगभर भोकं होती, पुढून, मागून, वरून. म्हटलं, मशीनशेजारी ठेवलाय, सगळा कापडाचा भुसा आत जाईल. तर ती झाकून घेतली."

"कधी शिवलास?"

आई आठवू लागली आणि आठवता आठवता थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने तिच्याकडे. ब्रेक उशिरा लागू लागला तो त्याच आठवड्यात.

"आई," भिंगरी सावकाश म्हणाली, "ती भोकं त्याची नाकं होती. आतला जीव तापला की तिथून हवा घ्यायचा. हवा मिळेना म्हणून तो जळून जाऊ नये इतका हळू हळू काम करायचा. बंद केला की निवायचा, पुन्हा लावला की जरा वेळ बरा, पुन्हा तापला की मंद."

"म्हणजे मी त्याचा गळा आवळला." आईने पदर तोंडाला लावला. "आणि ह्यांना वाटलं... अहो, तुम्हाला वाटलं..."

पुढचं तिला बोलता येईना. घड्याळजी अंगरख्याकडे बघत होते. त्यांचे खांदे हलू लागले. आईला वाटलं रडताहेत. मग आवाज फुटला. ते हसत होते. हिवाळ्यापासून घरात न ऐकलेलं, खोकल्यात जाऊन परत येणारं हसू.

"मी दुकान विकायला काढलं," ते म्हणाले, "आणि हिने त्याला थंडी वाजेल म्हणून कोट शिवला!"

"थंडीसाठी नाही, आवाजासाठी," आई रडता रडता म्हणाली.

"बाह्यासुद्धा लावल्यात!"

"मग? वायरी उघड्याच ठेवू?"

अंगरखा काढायला वेळ लागला. इतका नेटका होता की सोलावा लागला. खाली पाहिलं, तर आईची भीती काही खोटी नव्हती. कापडाचा भुसा आधीच आत जाऊन बसला होता. भिंगरीने वायर काढून खोका उजेडात आणला आणि बाजूचं झाकण उघडलं. पंख्यांवर मऊ लोकरीसारखा थर जमला होता. निळा, मग त्याच्यावर करडा, मग लालचुटुक, मग पुन्हा पांढरा. आईने बोट लावलं आणि ओळखलं. हे कोपऱ्यावरच्या शाळेचे गणवेश. हा गल्लीतल्या दाईचा झगा. हे त्या नर्तकीचे परकर, जिला सातव्यांदा घेर वाढवून हवा होता.

"तुमची पेटी आणू का, बाबा? ब्रश आणि हवा मारायचा फुगा लागेल."

पेटी म्हटल्यावर घड्याळजींचं हसू थांबलं. पण ती लेकीने वापरायची होती. त्याला हरकत नव्हती. "कपाटात आहे. नीट वापर. टोकं वाकवू नकोस."

भिंगरीने ब्रशने थर मोकळे केले, रबरी फुगा दाबून हवा मारली. खिडकीच्या उजेडात रंगीत भुसा उडाला आणि आई शिंकली. दोन पंखे बोटाने गरगर फिरले. तिसरा, सगळ्यात आतला, फिरेना. एक गिरकी घेई आणि अडे. भिंगरीने डोळे बारीक करून पाहिलं. पंख्याच्या आसाला दोरा गुंडाळला गेला होता, केसाएवढा काळा रेशमी दोरा, पात्यांच्या मागे खोल, वेढ्यावर वेढे घेऊन आवळलेला.

तिने चिमटा घातला. चिमटा घसरला. पुन्हा घातला, दोरा पकडला आणि ओढला.

"अगं अगं अगं! ओढतेस काय? मोडेल तो! आस आहे, विहिरीचा रहाट नाही!" घड्याळजी खाली बसलेसुद्धा. "सरक. दे इकडे. उजेड सोड माझा."

भिंगरी सरकली. आई काही बोलणार होती. भिंगरीने तिचं मनगट धरलं.

घड्याळजींनी पेटीतलं भिंग काढून डोळ्याला लावलं. डाव्या हाताने पंखा धरला. उजव्या हातातला चिमटा दोन पात्यांच्या मधून आत गेला, कुठेही न टेकता, मांजर दुधाच्या भांड्यांमधून जाते तसा. दोऱ्याचं टोक कुठे ते त्यांनी शोधलं. ओढलं नाही. टोक अलगद उचललं, उलट बाजूला वळवलं, एक वेढा सोडवला. मग दुसरा. पात्याला धक्का नाही, आसाला ओरखडा नाही. वेढे सुटत होते, आणि घड्याळजी तोंडाने नेहमीसारखं पुटपुटत होते, "ये. ये बाळा. घाई नाही. ये."

शेवटचा वेढा सुटला. त्यांनी चिमटा बाहेर काढला. त्याच्या टोकाला तो काळा दोरा लोंबत होता, सरळ, स्थिर. खिडकीतून वारा आला तेव्हाच काय तो हलला.

"घे," ते म्हणाले. "असं काढतात. आमच्याकडे कुणी—"

आणि मग त्यांचं लक्ष गेलं.

त्यांनी चिमट्याकडे बघितलं. तो धरणाऱ्या अंगठ्याकडे बघितलं. डोळ्यावरचं भिंग हळूच काढलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं होतं. "हे मला कुणी दिलं?"

"तुम्हीच हिसकावलंत," भिंगरी म्हणाली.

घड्याळजींनी हात पुढे धरला, बोटं पसरून, उजेडात. हात उभा होता. जुन्या ओळखीच्या माणसासारखा, काय बघता, मीच आहे, म्हणत. मघाशी आत ठेवलेला उरलेला अर्धा श्वास आता बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर बरंच काही आलं, जे त्यांनी टॉवेलात लपवलं. आई उठली आणि निवलेला चहा पुन्हा गरम करायला गेली. त्या घरात कुणाला रडू द्यायचं असलं की असंच करत.

* * *

अंगरख्याविना संगणक चालू झाला. घूं घूं आवाज आला, आणि घड्याळजी म्हणाले, "वाजू दे. वाजतोय म्हणजे जिवंत आहे." भिंगरीने झाडांना पानं परत दिली, सावल्या परत दिल्या. आकडा साठवर गेला आणि तिथेच बसला, पाळण्यातल्या शहाण्या मुलासारखा. आईचा संगणकापेक्षा आकड्यावर डोळा, जरा एकोणसाठ झाला की "अगं!" म्हणे.

या वेळी खेळ एकाच खोलीत झाला. भिंगरी सोबत आणलेल्या, मांडीवरच्या यंत्रावर, घड्याळजी आपल्या पडद्यासमोर. वळण आलं. घड्याळजींनी ब्रेक दाबला, आणि तो लागला. गाडी कडेला चाटून वळली. त्यांच्या तोंडून बारीकसा "हा" निघाला.

"हळू चालवायचं नाही हं," ते म्हणाले. "चालवलीस तर जेवायला मिळणार नाही."

"चालवत नाही. तुम्हीच मागे या."

तिने हळू चालवली नाही. जिवाच्या आकांताने चालवली, आणि ती जिंकली. बापाला एवढंसंही अंतर न देता, वर शेवटच्या उतारावर हॉर्न वाजवून.

घड्याळजींनी कंट्रोलर ठेवला आणि टाळी दिली. "हरलो! अगं, ऐकलंस का, हरलो मी! पोरगी चांगली चालवते म्हणून हरलो!"

"शेजारपाजाऱ्यांना सांगून येऊ का?" आई म्हणाली.

तेवढ्यात शेजारी आपणहूनच आले. दारात चष्मेवाले उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून, एखाद्याच्या आजारपणाला भेटायला आल्यासारखा चेहरा करून. त्यांनी खिळ्याकडे बघायचं टाळलं.

"घड्याळजी, तुम्ही म्हणाला होतात, आज."

घड्याळजी उठले. "चष्मेवाले, मी शब्द दिला होता. आता माघार घेतो. वाईट वाटून घेऊ नका. गाळा नाही देत."

चष्मेवाले खुर्चीत बसले. बसले म्हणजे धपकन पडले. "मला मोकळं केलंत हो," ते म्हणाले. "माझ्या दुकानात आहेत ते चष्मे विकले जात नाहीत. दुसरा गाळा घेऊन काय करणार होतो? पण तुम्ही असा चेहरा करून आलात की मला नाही म्हणवेना. घरी तेव्हापासून बोलणी खातोय." मग त्यांना धीर आला. खिशातून त्यांनी रुमालात बांधलेलं मनगटी घड्याळ काढलं. "हे हिवाळ्यापासून बंद आहे. दुसरीकडे टाकवेना. आज... म्हणजे घाई नाही, तुमचा हात जसा..."

"हात? काय झालंय हाताला?" घड्याळजी म्हणाले, आणि खिळ्यावरची किल्ली घेऊन, पेटी काखेत मारून जिन्याने उतरलेसुद्धा. चष्मेवाले मागोमाग.

वर आई आणि भिंगरी उरल्या. अंगरखा जमिनीवर पडला होता, बाह्या पसरून. भिंगरीचं म्हणणं, फेकून दे. आईचं म्हणणं, एवढं कापड, एवढा कापूस. उलट त्याची उशी होईल, नाहीतर अस्तर काढून—

"आई, आता कशालाही काही शिवू नकोस. फ्रिजला नाही, पंख्याला नाही."

"पंख्याला कोण शिवतंय?"

"तू. तुझा भरवसा नाही."

"मी तेव्हा—"

खालून घड्याळजींचा आवाज आला. "हलू नका! कुणी हलू नका! स्क्रू पडला!"

दोघी होत्या तिथं थिजल्या. भिंगरीच्या हातातला अंगरखा अर्ध्यावर राहिला. हातातून पडला, म्हणजे? निसटला कसा? आईने डोळे मिटले. खाली खुर्ची सरकली, कुणीतरी गुडघ्यांवर बसलं, फरशीवरून तळहात फिरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग चष्मेवाल्यांचा खोकला.

"सापडला!" घड्याळजी ओरडले. "चष्मेवाल्यांनी शोधला हो, आणि चष्मा न लावता! आणि मी नव्हता पाडला, ह्यांच्याच कोपराने उडाला!"

"अहो, मी मुद्दाम नाही," चष्मेवाल्यांचा आवाज.

"मागे बसा तुम्ही. उजेड सोडा माझा."

आईने डोळे उघडले, अंगरख्याचं दुसरं टोक घट्ट धरलं आणि म्हणाली, "उशीच होईल याची. सोड."

"नाही सोडत," भिंगरी म्हणाली.